कारागिरानें कोणतें गांव निवडावें?

माळव्यांत मंदसोर म्हणून एक शहर आहे. त्याचें प्राचीन नांव दशपुर. तेथें सांपडलेल्या एका संस्कृत शिलालेखांत रेशमी वस्त्रें विणणाऱ्या कारागिरांच्या एका श्रेणीची हकीकत वत्सभट्टि नांवाच्या कवीनें श्लोकबद्ध करून ठेवली आहे. हे विणकर मूळचे लाट देशाचे, म्हणजे आजच्या दक्षिण गुजराथेंतले. तो देश फळाफुलांनीं आणि देवालयांनीं संपन्न होता; दुष्काळानें किंवा उपासमारीनें त्यांस तेथून हांकलून लाविलें, असें लेखांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. तरी मुलेंबाळें व आप्तइष्ट बरोबर घेऊन, वाटेंतील कष्टांची पर्वा न करितां, ते दशपुरास आले. कारण तेथील राजांच्या गुणांची कीर्ति त्यांच्या कानांवर गेली होती. तेथें त्यांचा जम बसला, आणि इ. स. ४३६-३७ च्या सुमारास त्यांनीं आपल्या कमाईंतून एक सूर्यमंदिर बांधलें. लेखांत आणखी एक सुरस गोष्ट आहे. दशपुरास आल्यावर सगळेच मागावर बसून राहिले नाहींत. कोणी धनुर्विद्या शिकले, कोणी ज्योतिष, कोणी कथाकथन. आणि बाकीचे आपल्या विणकामांतच अधिक निपुण झाले.

हातांत कसब असलेल्या मनुष्यानें कोठें जाऊन वसावें, हा प्रश्न असा निदान पंधराशें वर्षांचा जुना आहे. शेतकऱ्यास त्याची जमीन बांधून ठेविते. कारकुनास कचेरी जेथें नेईल तेथें जावें लागतें. कारागिराची मालमत्ता मात्र त्याच्या हातांत असते आणि ती तो कोठेंही नेऊं शकतो. म्हणूनच निवड करण्याचें स्वातंत्र्य आणि निवड करण्याचें ओझें, हीं दोन्ही त्याच्याच वांट्यास येतात.

आपल्या पांढरपेशा घरांतून हा प्रश्न कालपरवांपर्यंत उद्भवतच नसे. मुलानें शाळा संपवावी, पदवी घ्यावी आणि मुंबईपुण्याच्या कचेरींत खुर्ची मिळवावी. त्याहून हुशार असल्यास समुद्रापार जावें, हा क्रम ठरलेला होता. हातांनीं करावयाचें काम सुतार, लोहार, कासार, ओतारी ह्या मंडळींनीं करावें आणि आपण त्यांचीं बिलें तपासावीं, अशी आपली समजूत. ती आतां मोडूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. सन १९५० मध्यें सरकारनें कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यांतून गांवोगांव औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यांतल्या आयटीआय, उभ्या राहिल्या. सन १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यानें कारखान्यांस शिकाऊ मुलें घेणें भाग पडलें. दहावीनंतर एक वर्षांत वेल्डर, दोन वर्षांत टर्नर, फिटर, मशिनिस्ट किंवा इलेक्ट्रिशियन होतां येतें, आणि पुढें इच्छा असल्यास पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळण्याची वाटही मोकळी आहे. आमच्या माहितींतलीं चार-सहा सुशिक्षित घरचीं मुलें ह्या वाटेनें गेलीं आहेत. अडचण एवढीच कीं घरांतल्या वडीलधाऱ्यांस ह्या वाटेचा अनुभव नाहीं. मुलगा टर्नर झाला हें ते कसेंबसें पचवितात. आणि 'आतां कोठें जाऊं?' असें त्यानें विचारलें कीं, कारकुनाच्या काळचें जुनें उत्तर देऊन मोकळे होतात: 'मुंबईस जा.'

असेंच एक पत्र तीन वर्षांपूर्वीं आम्हांस आलें. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा टर्नरची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण होऊन शिकाऊ उमेदवारीही पुरी करून घरीं आला होता. त्यास दोन ठिकाणांहून बोलावणें होतें. एक वसईच्या बाजूचा कारखाना. दुसरें कोल्हापूरजवळ शिरोली येथील एक मध्यम आकाराचें वर्कशॉप. वसईचा पगार दरमहा चार हजार रुपयांनीं अधिक. 'गुरुजी,' तिनें लिहिलें होतें, 'ह्याचे मामा म्हणतात, मुंबई ती मुंबई; खोलीची सोय होईपर्यंत आमच्याकडे डोंबिवलीस राहील. हे कांहींच बोलत नाहींत. मुलगा म्हणतो, जेथें चांगला लेथ असेल तेथें मी जाईन. तुम्ही काय सांगाल तें आम्ही ऐकूं.' आम्ही आयुष्यभर धातुरूपें आणि समास शिकविले. लेथ आम्हांस चालवितां येत नाहीं. परंतु आईनें इतक्या विश्वासानें विचारल्यावर 'तुमचें तुम्ही पाहा' असें म्हणणें शिक्षकास शोभणारें नव्हतें. म्हणून आम्ही चौकशीस लागलों, आणि त्या चौकशींतून जें निष्पन्न झालें तें इतर आईबापांच्याही उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

मुंबई ती मुंबई, हें म्हणणें कधीं काळीं खोटें नव्हतें. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतल्या लक्षावधि कुटुंबांच्या चुली गिरणगांवाच्या पगारावर पेटल्या आहेत. पण सन १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हां कधीं कामावर परतलेच नाहींत. त्या संपाचे दोष कोणाकडे, हा वाद येथें नको. आमच्या प्रश्नापुरता बोध निराळा आहे. वीस वर्षें माग चालविलेला कसबी मनुष्य गिरणी बंद पडतांच एका दिवसांत बिनकसबी ठरला. कारण त्याचें कसब ज्या एका धंद्याच्या उपयोगाचें होतें तो धंदाच त्या शहरांतून उठला. त्या गिरण्यांच्या जागेवर आज गगनचुंबी इमारती आहेत. ज्या शहरांत जमिनीची किंमत तिच्यावर होणाऱ्या कामाच्या किंमतीहून फार अधिक होते, तेथें कारखाना फार दिवस टिकत नाहीं. तो आधीं उपनगरांत सरकतो, मग जिल्ह्याबाहेर जातो. कारागिरानें ही सरकती रेषा पाहून ठेवावी.

मुंबई सोडून लहान गांवीं जाणाऱ्या कसबी मनुष्याची जी सर्वांत मोठी गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे, ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. बढतीच्या वेळीं डावलले गेल्यावर त्यांनीं ती नोकरी सोडली आणि ते बेळगांवास भावाच्या सायकलींच्या दुकानांत आले. तेथें लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडानें जमीन नासेल ह्या भीतीनें शेतकरी तो घेईनात, तरी त्यांनीं नेट सोडला नाहीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंध संस्थानच्या अधिपतींनीं त्यांस कुंडल स्टेशनाजवळचा निवडुंगानें भरलेला माळ दिला, आणि सन १९१० मध्यें तेथें किर्लोस्करवाडी वसली. त्याच संस्थानच्या आश्रयानें सन १९१६ मध्यें ओगले बंधूंचा कांचकारखाना कऱ्हाडजवळ उभा राहिला, आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. दशपुरच्या विणकरांनीं गुणी राजा पाहून गांव निवडला. ह्या मंडळींनींही तेंच केलें.

आतां राजे नाहींत. त्यांचें काम सन १९६२ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आलें आहे, आणि रस्ता, पाणी व वीज देऊन आंखलेल्या वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या आहेत. परंतु वसाहतीची पाटी लागली म्हणजे धंदा वसला असें नव्हे. कित्येक वसाहतींत निम्मे भूखंड गवतानें भरलेले दिसतात. म्हणून कोणत्या शहरांत धंदा खरोखर मुरला आहे, हें पाहावें लागतें.

कोल्हापुरांत तो कसा मुरला, ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. पंचगंगेच्या खोऱ्यांत ऊंस; उंसास पाणी; पाणी उपसण्यास तेलाचीं इंजिनें. हीं इंजिनें प्रथम बाहेरून येत. तीं बिघडूं लागलीं तेव्हां दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. दुरुस्तीसाठीं सुटे भाग लागत; ते बनवितां बनवितां मिस्त्री मंडळी सबंध इंजिनेंच बनवूं लागली. इंजिनास बिडाचें ओतकाम लागतें, म्हणून फौंड्र्या निघाल्या. ओतलेल्या भागास कातून नेमक्या मापास आणावें लागतें, म्हणून लेथ आले. विजेच्या मोटारींपुढें तेलाच्या इंजिनाचे दिवस मावळले. पण ओतकाम व कातकाम हीं मागें उरलीं, आणि आज तेथील फौंड्र्यांतून मोटारगाड्यांचे, ट्रॅक्टरांचे व पंपांचे भाग बाहेर पडतात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगांव, कागल अशी ही सांखळी पसरली आहे. त्या गांवच्या हातांस यंत्राची ओढ जुनीच आहे. बाबूराव पेंटरांनीं सन १९२० चा 'सैरंध्री' हा चित्रपट स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्यानें घेतला, हें वाचकांस ठाऊक असेलच.

आम्ही दोन दिवस त्या गल्ल्यांतून हिंडलों. एका ठिकाणीं पॅटर्न, म्हणजे ओतावयाच्या वस्तूचा लांकडी नमुना, तयार होत होता. बीड थंड होतांना मीटरमागें सुमारें दहा मिलिमीटर आकसतें. म्हणून नमुना तेवढ्या हिशोबानें थोरला करावा लागतो, आणि त्यासाठीं कारागिराची मोजपट्टीही निराळी असते. शेजारच्या फौंड्रींत त्या नमुन्यावरून वाळूचा सांचा घेतात. सांच्यांत रस ओततात. निवल्यावर वाळू झाडून कडा घांसतात. पलीकडच्या शेडमध्यें तोच भाग लेथवर चढतो. कातीत असतांना आंत पोकळ जागा निघाली, तर टर्नर तो भाग हातांत घेऊन फौंड्रींत चालत जातो, आणि रस कोठें अडला, वाळू कोठें ओली होती, ह्याचा वाद त्याच संध्याकाळीं होतो. एका वृद्ध मिस्त्रींनीं आम्हांस सांगितलें, 'मास्तर, पोरगं पयल्या वर्षी फकस्त आपलं मशीन शिकतंय; पाचव्या वर्षी त्येला गल्ली कळती.' ह्या दोन वाक्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर होतें. मोठ्या महानगरांत टर्नर आपल्या यंत्रापुरता शहाणा होतो. त्याच्यापुढें भाग कोठून येतो आणि मागें कोठें जातो, हें त्यास दिसत नाहीं. जेथें सबंध धंदा दोन-चार मैलांत एकवटलेला असतो, तेथें तो कामाचें आदि आणि अंत दोन्ही पाहतो. आणि ज्यास दोन्ही दिसलीं, तोच पुढें स्वतःचा धनी होऊं शकतो.

छत्रपति संभाजीनगर आणि नाशिक हीं दुसऱ्या जातीचीं शहरें. तेथें आधीं मोठा कारखाना आला आणि मग त्याच्याभोवतीं लहान कारखान्यांचें कोंडाळें जमलें. संभाजीनगराजवळ वाळूज येथें सन १९८५ मध्यें बजाजचा दुचाकी-तिचाकींचा कारखाना सुरू झाला. नाशिकास सन १९२५ पासून सरकारी छापखाना होता. सन १९६४ मध्यें जवळच ओझर येथें विमानांचा कारखाना निघाला, आणि सातपूर व अंबड येथें वसाहती भरल्या. अशा शहरांचे लाभ उघड आहेत. काम शिस्तीचें, माप मायक्रॉनमध्यें, सुरक्षेचे नियम पाळले जातात, कारखान्याची बस दाराशीं येते. संभाजीनगरास इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था आहे. डाय व टूल बनविण्याचें बारीक काम तेथें पद्धतशीर शिकावयास मिळतें, आणि ज्या मुलाचा हात नाजूक व डोकें गणिताचें आहे त्यानें ती वाट अवश्य पाहावी. उणीव एकच. तेथें धनी थोडे आणि थोर. गाडी खपेनाशी झाली कीं सबंध कोंडाळ्यास एकदम पडसें होतें. शिवाय कायमच्या नोकरीच्या आशेवर वर्षानुवर्षें कंत्राटी म्हणून राहिलेलीं मुलें आम्हीं तेथें पाहिलीं. नेमणुकीच्या कागदावर कारखान्याचें नांव आहे कीं ठेकेदाराचें, हें वाचल्याशिवाय कोणत्याही बापानें मुलाची वळकटी बांधूं नये.

तिसरी जात एकाच मालाच्या शहरांची. सोलापुरांत सन १८७७ मध्यें पहिली गिरणी निघाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं तेथें वसाहत केली, आणि सोलापुरी चादर देशभर गेली. पुढें गिरण्या बंद पडत गेल्या. पुरुष मागावर आणि बायका विडीच्या सुपापुढें, अशी ओढाताण हजारों घरांच्या नशिबीं आली. इचलकरंजींत सन १९०४ मध्यें विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग आणला; आज तेथें मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. परंतु व्यापाऱ्याचें सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे, ज्यांस तेथें खर्चीवाले म्हणतात, ते सुताच्या आणि विजेच्या दराबरोबर वरखालीं होत असतात. विणकराचें कसब कमी प्रतीचें आहे असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. पण लोखंड कातणारा हात आज पंपाचें काम करतो, उद्यां ट्रॅक्टरचें. तशी सवलत विणकराच्या हातास नसते.

हें सगळें पाहून झाल्यावर आम्ही पांच प्रश्न लिहून काढले. कोणतेंही शहर निवडतांना आईबापांनीं व मुलानें ते क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: आपल्या कसबाचे धनी तेथें किती आहेत? एकच असेल तर ती नोकरी. शंभर असतील तर तो धंदा. एका धन्याशीं खटका उडाल्यावर दुसऱ्या सकाळीं, बिऱ्हाड न हलवितां, त्याच रस्त्यावर दुसरें काम मिळूं शकतें कीं नाहीं, ही खरी कसोटी.

दुसरा प्रश्न: महिन्याअखेर शिल्लक काय राहते? पगाराचा आंकडा फसवा असतो. आमच्या विद्यार्थिनीच्या मुलाचा हिशोब आम्हीं मांडून पाहिला. वसईचे अधिक चार हजार रुपये खोलीच्या भाड्यांतील फरकानेंच गिळले. आणि खोली मिळेपर्यंत मामांकडे राहावें, तर डोंबिवली ते वसई जातांयेतां गाडीची गर्दी व रोजचे चार तास. कारागिराच्या शरीरास विश्रांति हें भांडवल आहे. थकलेला हात लेथवर बोट गमावतो.

तिसरा प्रश्न: तेथें पुढें काय शिकतां येईल? लेथ आज संगणकाच्या आज्ञेनें चालतो. जो मुलगा नुसतें बटण दाबण्यास शिकेल त्याची जागा दुसरें बटण घेईल. जो आज्ञावली लिहिण्यास, नकाशा वाचण्यास आणि धातूचा स्वभाव ओळखण्यास शिकेल तो टिकेल. जवळ सायंकाळचा वर्ग, पदविकेचें महाविद्यालय किंवा टूल रूम आहे काय, हें पाहावें.

चौथा प्रश्न: धनी प्रामाणिक आहे काय? लहान शहराची स्तुति करतांना त्याचे दोष झांकणें योग्य नव्हे. लहान वर्कशॉपांत पगार लांबतो, भविष्यनिर्वाह निधि भरला जात नाहीं, कामगार विम्याचें कार्ड मिळत नाहीं, डोळ्यांस चष्मा आणि यंत्रास जाळी नसते, असे प्रकार आम्हीं पाहिले व ऐकले. अशा ठिकाणीं वर्षभरही राहूं नये. पहिल्याच दिवशीं निधीचा क्रमांक मागावा. मागण्यांत उद्धटपणा नाहीं.

पांचवा प्रश्न घराचा. पाणी किती दिवसांनीं येतें? संभाजीनगरास नळाच्या पाण्याची ओरड वर्षानुवर्षें ऐकूं येत आली आहे. पूर येतो काय? सन २०१९ च्या ऑगस्टांत आणि सन २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद पडला होता. तेव्हां बिऱ्हाड कोठें करावें हें पूररेषा विचारून ठरवावें. पुढें लग्न झाल्यावर पत्नीस शिक्षणास साजेसें काम मिळेल काय? मुलांस शाळा? आईवडील आजारी पडले तर रात्रींत घरीं पोंचतां येईल काय? ह्या प्रश्नांस क्षुद्र समजूं नये. तरुण मनुष्य शहर सोडतो तो बहुधा कामामुळें नव्हे, तर घरामुळें.

येथें एक नाजूक गोष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्या समाजांत उपवर मुलींचे आईबाप पहिला प्रश्न 'मुंबईपुण्यांत घर आहे का?' असा विचारतात, आणि दुसरा, 'मुलगा काय शिकला?' कोल्हापुरास स्वतःच्या दोन लेथांवर काम करणारा, निर्व्यसनी, कर्ज नसलेला मुलगा ह्या दोन प्रश्नांत नापास होतो. आणि महानगरांत भाड्याच्या खोलींत राहून हप्ते फेडणारा उत्तीर्ण होतो. असे तीन-चार मुलगे आमच्या ओळखीचे आहेत. तिशी उलटून गेली तरी अविवाहित. मुलींनीं आपली स्वतःची पसंती पाहावी हें आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि ज्या मुलीस स्वतःच्या कामासाठीं मोठें शहर हवें तिनें तें जरूर मागावें. पण नकार मुलीचा आहे कीं केवळ वडिलांच्या प्रतिष्ठेचा, हें तरी घराघरांत एकदां पडताळून पाहिलें जावें. तोंडानें श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान आणि सोयरिकीच्या वेळीं हाताच्या तेलकट डागांवर नजर, हा दुटप्पीपणा मुलांच्या लक्षांत येतो. आणि मग तीं कसब सोडून कोठल्या तरी कचेरींत हजेरी मांडूं लागतात. एका कुशल टर्नराचा एक सामान्य कारकून झाला, एवढीच त्यांतली निष्पत्ति.

कोणी विचारतील, महाराष्ट्रापुरतेंच कां पाहावें? सन २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आहे, आणि तिकडे जाण्याची उमेद पुष्कळांच्या मनांत आहे. जावें; दशपुरास जाणाऱ्यांनींही देश सोडलाच होता. आमचें सांगणें एवढेंच कीं, तेथें जातांनाही हेच पांच प्रश्न बरोबर न्यावे, तेथली भाषा येथेंच शिकावी, आणि हात येथें पक्का करून मग जावें. कच्च्या हातास परदेशांतही कच्चेंच काम मिळतें.

आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं उत्तर लिहिलें तें असें: 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. मुलास दोन्ही ठिकाणीं चार-चार दिवस राहूं द्यावें. पगार विचारूं नये. तो आपल्याला ठाऊक आहेच. सायंकाळीं काम सुटल्यावर तेथील दहा वर्षें जुने कारागीर कोठें जातात आणि काय बोलतात, एवढें त्यानें पाहून यावें. त्यांच्यासारखें आपण दहा वर्षांनीं व्हावें असें जेथें त्यास वाटेल, तें त्याचें गांव.' मुलगा वसईस जाऊन आला आणि शिरोलीसही. मामा कांहीं दिवस नाराज होते. आज तो शिरोलीस आहे; संगणकाचा लेथ चालवितो, आणि सायंकाळीं शेजारच्या पॅटर्नवाल्याकडे बसून लांकडाचें काम शिकतो. पगार अजून मुंबईहून कमीच आहे. गतवर्षीं काम मंद पडलें तेव्हां दोन महिने ओव्हरटाइम बंद होता आणि त्यास घरून पैसे मागवावे लागले, हेंही सांगितलें पाहिजे. पण पूर्वींचा धनी एक पाळी कमी करूं लागला तेव्हां आठ दिवसांच्या आंत त्याच वसाहतींत, चौथ्या शेडमध्यें, त्यास दुसरें काम मिळालें. बिऱ्हाड जागचें हललें नाहीं.

दशपुरच्या लेखाचा शेवट सांगून हा लेख पुरा करतों. विणकरांनीं बांधलेल्या त्या सूर्यमंदिराचा कांहीं भाग पुढें मोडकळीस आला. तेव्हां, मंदिर बांधल्यावर छत्तीस वर्षांनीं, त्याच श्रेणीनें त्याचा जीर्णोद्धार केला, आणि हा शिलालेखही त्याच प्रसंगीं कोरविला. एकदां देऊळ बांधणें हें उत्साहाचें काम आहे. नवा आलेला मनुष्यही तें करील. छत्तीस वर्षांनंतर तें दुरुस्त करण्यास जो हजर असतो, तोच त्या गांवचा खरा रहिवासी. मुलास शहर निवडून देतांना आईबापांनीं पहिल्या पगाराचा आंकडा थोडा बाजूस ठेवावा आणि छत्तीस वर्षांनीं हा येथें कोण असेल, ह्याचा विचार करावा.